धाकूची बोलकी कॅसेट

धाकू केणीला होडी लागायची. माणसाला गाडी लागते ना, तशी. घर डोंबिवलीत मोठागावच्या खाडीकाठी, बाप भिवाजी, आजा, पणजा सगळे जाळं टाकणारे; आणि हा पोरगा होडीत पाय ठेवला की चार हात पाणी कापायच्या आत पोट धरून काठाकडे बघायला लागायचा. भिवाजीने पुष्कळ उपाय केले. लिंबू चोखायला दिलं, देवीला नारळ दिला, एकदा तर डोळ्यांना फडकं बांधून बसवलं. शेवटी कंटाळून तो बायकोला, आवडाबाईला म्हणाला, "याला जमिनीवरच कायतरी बघ."

जमिनीवर धाकूने स्टेशनजवळच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. घरोघर रंगीत टीव्ही येत होते, काम भरपूर होतं आणि धाकूचा हात चांगला बसला. कुणाकडे सत्यनारायण असला, बारसं असलं की तो दुकानातला टीव्ही आणि व्हीसीआर हातगाडीवर घालून पोचवायचा, वायरी जोडायचा आणि लोक पिक्चर बघायचे तेव्हा लोकांकडे बघत बसायचा. शहाऐंशीच्या सुमारास मालकाने व्हिडिओ कॅमेरा आणला आणि वर्षाच्या आत स्वतः दुबईला मेव्हण्याकडे निघून गेला. कॅमेरा धाकूच्या खांद्यावर आला तो आलाच.

दोनेक वर्षांत डोंबिवली पश्चिमेला 'हार्टवाला धाकू' म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवायचं. त्याच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी बदामाच्या आकारात यायची. गुलाब उमलायचा आणि आत नवरीचा चेहरा निघायचा. दोन हंस दोन बाजूंनी पोहत यायचे, चोची भिडल्या की मधे लग्नाची तारीख. ही सगळी करामत ठाण्याला तानाजीच्या मिक्सिंगच्या खोलीत व्हायची, पण कुठल्या विधीला हंस आणि कुठल्या विधीला गुलाब, हे धाकू ठरवायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. सप्तपदीला प्रत्येक पावलाला एक फूल उगवलेलं त्याने पहिल्यांदा केलं. त्याच्यानंतर कल्याणपर्यंत सगळ्यांनी.

हॅलोजनचा दिवा धरायला त्याची बायको भागीरथी असायची. नऊवारी खोचलेली, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात वायरीचं वेटोळं. हिचं स्वतःचं एक शास्त्र होतं. पंगत सुरू झाली की ती दिवा बंद करायची.

"अगं, लाव ना!" धाकू ओरडायचा.

"माणसाचे तोंडान घास असताना दिवा मारू नये," ती म्हणायची. "पाप लागतं."

त्यामुळे धाकूच्या कॅसेटमध्ये जेवणावळी कायम अंधाऱ्या असत. लोकांनी तक्रार मात्र कधी केली नाही. ज्यांच्या तोंडात जिलबी असताना दुसऱ्या व्हिडिओवाल्यांनी दिवा मारला होता, ते तर भागीरथीला दुवा द्यायचे.

हे असं सुरळीत चाललेलं असताना एकोणनव्वद साली दिघ्यांची उत्तरा आली.

दिघे आवडाबाईचं जुनं गिऱ्हाईक. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी आवडाबाईची मासळीची पाटी त्यांच्या दारात उतरायची. त्यांची मुलगी उत्तरा कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडायची. दिवसभर कानाला यंत्र लावून अख्ख्या हिंदुस्थानाशी बोलायची आणि घरी आली की उरलेल्यांशी. तिचं लग्न ठरलं तेव्हा आवडाबाईनेच बोईटं साफ करता करता सांगितलं, "व्हिडिओ माजे धाकूलाच दे, बाय."

उत्तरा एका रविवारी सकाळी धाकूच्या घरी आली. धाकूने तिला मोठ्या उत्साहाने आपली ताजी कॅसेट लावून दाखवली. ती पाचेक मिनिटं बघत राहिली.

"धाकूदादा, छान आहे. पण मला असा नकोय."

"मग कसा? ताजमहाल टाकू? मागे ताजमहाल आणि पुढे तुम्ही?"

"नको."

"हार्ट?"

"नको."

"गुलाब तरी? पाकळी-पाकळी उघडते, बघा."

"अहो, नको ना."

धाकूचा आवाज खाली आला. "हंस पण नको?"

"हंसांचं काही नाही हो," उत्तरा म्हणाली, "पण हे बघा. ही आजी नवरीला आशीर्वाद देतेय. तोंड हलतंय. काय म्हणाली ती?"

"ते... आशीर्वाद दिला असेल."

"पण काय म्हणाली? सगळ्यांची तोंडं हलतायत आणि बाहेर काय येतंय, तर बासरी! माझ्या मावसबहिणीच्या कॅसेटमध्ये तिचे बाबा तिला पाठवताना काहीतरी बोलले, ती इतकी रडली, आणि आम्हाला ऐकू काय आलं, तर कुठल्या तरी हिरोचं गाणं. मला माझ्या लग्नात सगळं ऐकायचंय. गाणं एकही नको. माणसं बोलतात ते हवं."

मग तिने आपलं कसं जमलं तेही सांगितलं. गुरुदत्त पोतनीस कल्याणचाच, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. कारखान्याचे वापीचे कॉल तो लावायचा आणि जोडायची उत्तरा. तीन मिनिटं झाली की ती लाइनवर यायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" आणि तो म्हणायचा, "वाढवा." एक दिवस तिच्या लक्षात आलं की वापीवाल्याने फोन केव्हाच ठेवलाय आणि हा माणूस रिकाम्या लाइनवर "वाढवा" म्हणतोय.

"आम्ही एकमेकांना आधी ऐकलं, मग कित्येक महिन्यांनी बघितलं," उत्तरा म्हणाली. "आमच्या कॅसेटमध्ये आवाज नसेल तर ती आमची कशी?"

ती गेल्यावर धाकू बराच वेळ टीव्हीसमोर बसून होता. पडद्यावर हंस येत-जात होते.

"येडी हाय ती," तो भागीरथीला म्हणाला. "लोक हार्ट मागतात, हार्ट! हिला लोकांची बडबड पायजे."

आवडाबाई ओसरीवर पाटी धूत होती. ती काही साधी बाई नव्हती. गावातली धवलारीण होती, लग्नविधींची पारंपरिक गाणी गाणारी. मोठागावात लग्न असलं की हळदीपासून मांडवापर्यंत तिने धवले गायल्याशिवाय एक विधी पुढे सरकत नसे. तिने पाटी उपडी घातली आणि आत आली.

"धाकू, आपले गावान लगीन कोन लावतं?"

"भटजी."

"भटजी मागशी. पयली मी. धवला झाल्याबिगर हलद लागत नाय न मांडव उठत नाय. न तू काय करतंस? मी गला फारून गातंय, तू माज्या तोंडावर दिवा मारतंस, न कॅसेटीन बगतंय त पिक्चरचा गाना! मना वाटला, माजे आंगान दुसरीच बाई घुसली."

भागीरथी पदराआड हसली. धाकूने कपाटावरचा एक खोका खाली काढला. त्यात त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रंभाच्या लग्नाची मूळ कॅसेट होती, मिक्सिंगला नेण्याआधीची. ती त्याने व्हीसीआरमध्ये घातली.

आवडाबाईचा धवला घुमत होता. मागे कुणीतरी लिंबं मागत होतं. एक पोर रडत होतं. हळदीच्या गर्दीतून भिवाजी कॅमेऱ्याकडे चालत आला, इतका जवळ की पडद्यावर त्याची नुसती टोपी दिसायला लागली. "वाईच खाऊन घे रे," टोपी म्हणाली, "मंग फिरव तुजा डबा."

भिवाजीला जाऊन वर्ष झालं होतं. तयार कॅसेटमध्ये या ठिकाणी गुलाब उमलायचा आणि गाण्याचं दुसरं कडवं लागायचं. आवडाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि मग म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्या दिवशी धाकू दिघ्यांच्या दारात उभा होता. "करू आपण," तो म्हणाला. "पण कसा करायचा, ते तुम्ही मी मिळून ठरवू. मी असला कधी केलेला नाही."

आणि मग ठरवाठरवी सुरू झाली, ती लग्नाच्या तयारीपेक्षा जोरात. धाकूने आधी घरीच चाचणी घेतली. जेवताना कॅमेरा पाटावर ठेवला आणि नंतर ऐकला. त्यात होते तीन कावळे, स्टोव्हचा आवाज, शेजारणीचं भांडण आणि स्वतःचं भुरके मारणं. भागीरथी कढीबद्दल काय म्हणाली ते कुठेच नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्याचा कान जवळचं मोठं ऐकतो आणि लांबचं गिळतो, हे त्याला कळलं. त्याने कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून लांब वायरीचा छोटा माइक उसना आणला.

पुढच्या रविवारी दिघ्यांच्या घरी बैठक बसली. गुरुदत्तही आला होता. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला निळ्या रंगाचा कायमचा डाग. धाकूने माइक त्याच्या पुढे धरला.

"साहेब, काहीतरी बोला. आवाज बघतो."

गुरुदत्तने विचार केला. बराच केला. "बोललो," तो म्हणाला.

"अहो, अजून!"

"काय?"

"हा लग्नात पण एवढंच बोलणार," उत्तरा म्हणाली, "तेवढं तरी नीट यायला हवं, धाकूदादा."

पहिली अडचण सनईची. कार्यालयात सकाळपासून सनईची कॅसेट कर्ण्यावर लागायची आणि तिच्यापुढे माणसाचं बोलणं म्हणजे समुद्रात मीठ. ते खातं गुरुदत्तचे काका सुधीर यांच्याकडे. सुधीरकाका म्हणजे लग्नकार्यातला हौशी माणूस. सनईची कॅसेट त्यांची स्वतःची, मोठ्या प्रेमाने जपलेली.

"सनई बंद? लग्नात?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "लोक म्हणतील तेरावं आहे!"

शेवटी तह झाला. सनई वाजेल, पण बारीक. आणि धाकूने डोक्यावर हात ठेवला की बंद होईल, हात काढला की सुरू.

दुसरी अडचण माइक लपवायचा कुठे. लोकांना दिसला तर ते भाषण करतील नाहीतर गप्प बसतील. सदऱ्यात, कलशामागे, गुरुजींच्या पळीपंचपात्राशेजारी, सगळं बोलून झालं. गुरुदत्त इतका वेळ छताकडे बघत होता. तो म्हणाला, "झेंडू." म्हणजे बोहल्यावरच्या झेंडूच्या माळांत. सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. त्या दिवशीचा त्याचा तो सर्वांत लांब विचार होता.

तिसरी अडचण नवरीच्या खोलीची. "खरं बोलणं तिथेच होतं," उत्तरा म्हणाली, "आणि तुम्हाला काही तिथे येता येणार नाही."

धाकूने भागीरथीकडे बघितलं. भागीरथीने भिंतीकडे बघितलं.

"मी? तो डबा?" ती म्हणाली. "मना नाय जमणार."

पण घरी गेल्यावर तिने तो दोनदा खांद्यावर घेऊन बघितला, आणि म्हणाली की मासळीच्या पाटीपेक्षा हलका आहे.

मे महिन्यात, डोंबिवली पूर्वेच्या एका कार्यालयात लग्न झालं. धाकू सकाळी सगळ्यांच्या आधी पोचला आणि झेंडूच्या माळांत माइक गुंडाळून बसवला. सजावटवाल्याने विचारलं तर म्हणाला, "करंट तपासतोय."

सुधीरकाका सनईच्या डेकपाशी पहारा देत उभे राहिले. अडचण एवढीच झाली की त्या उकाड्यात धाकूला सारखा घाम पुसायला हात डोक्याकडे न्यावा लागे, आणि दर वेळी काका सनई बंद करत. पाहुण्यांना वाटलं कॅसेट खराब आहे. एक गृहस्थ तर पेन्सिल घेऊन फीत गुंडाळून द्यायला आले.

मुहूर्ताला मात्र सगळं जमलं. अंतरपाट धरला गेला, धाकूने हात डोक्यावर ठेवला, सनई थांबली. गुरुजींनी सूर लावला, मधेच थांबून "तो पंखा जरा इकडे वळवा" म्हणाले आणि पुढचं कडवं घेतलं. शेवटच्या मंगलाष्टकाआधी क्षणभर शांतता झाली. तेवढ्यात अंतरपाटाच्या एका बाजूने उत्तराचा अगदी बारीक आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

दुसऱ्या बाजूने आवाज आला, "वाढवा."

कार्यालयात कुणालाच कळलं नाही. धाकूच्या एका कानाला इअरफोन होता, त्याला कळलं. आणि कॅमेरा हलू नये म्हणून त्याला श्वास धरून ठेवावा लागला.

बाकी दिवस त्याने झेंडूतला माइक काढून घेऊन माणसांच्या मागे फिरण्यात घालवला. पूर्वी तो दिवा मारायचा आणि लोक पुतळ्यासारखे उभे राहायचे. आज त्याने दिवा कमी लावला आणि लोक विसरूनच गेले की हा आहे.

दोन दिवसांनी ठाण्याला तानाजीच्या खोलीत तो आणि भागीरथी सगळ्या कॅसेट घेऊन बसले. तानाजीने बोटं मोडली. "कुठलं गाणं टाकू?"

"गाणं नाय."

"बॅकग्राउंडला तरी?"

"काय नाय. आवाज राहू दे, फक्त कापाकापी कर."

"अरे, मग मी इथे काय करायचं? चहा करू?" तानाजी म्हणाला. पण पहिली कॅसेट अर्धी होईपर्यंत चहा तसाच राहिला आणि तो गालाला हात लावून ऐकत बसला.

आणि मग तो तुकडा आला.

नवरीची आत्या, सुमतीआत्या, ठाण्याहून आलेल्या. माध्यमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मोठा करारी चेहरा आणि एरवी जाड भिंगांचा चष्मा. नवरीच्या खोलीत भागीरथी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभी होती, आणि सुमतीआत्या कुणाला तरी सांगत होत्या, "वरमाई फार शिष्ट हो. सकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. मानपान सोडा, साधं 'या' नाही म्हणाली. उत्तराचं कठीण आहे."

पुढच्या कॅसेटमध्ये, रुखवताच्या टेबलापाशी, वरमाई म्हणजे गुरुदत्तच्या आई आपल्या बहिणीला सांगत होत्या, "मुलीची आत्या बघितलीस? मी एवढं हसून हात जोडले, तर तोंड वळवून गेली. मुख्याध्यापिका असेल आपल्या शाळेत!"

तानाजीने मशीन थांबवलं. "धाकू, दोन्ही काप. दोन्ही घरांत वणवा पेटेल. हा हंस घे, लाव इथे."

धाकूलाही पटलं होतं. पण भागीरथी म्हणाली, "थांबा. मी दाराशी आलेली तवा आनखी कायतरी घेतला."

तो तुकडा तिने दारातून बाहेर पडताना सहज घेतला होता. सुमतीआत्या बोहल्याच्या बाजूने येतायत. व्हिडिओत चांगलं दिसावं म्हणून त्यांनी सकाळपासूनच चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता. समोरून गुरुदत्तच्या आई दोन्ही हात जोडून, तोंडभर हसत येतात. आत्या त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत निघून जातात आणि थेट दारालगतच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या गंगुबाईपाशी थांबतात. गंगुबाई जेवणवाल्यांच्या पाण्याकडे बघणारी, पण मालकाच्या हुकमाने छान काठाची हिरवी साडी नेसलेली. आत्या तिचे दोन्ही हात हातात घेतात.

"तुमचा मुलगा फार गुणी हो!"

गंगुबाई गडबडते. "माजा? तो कसला गुनी, बाई. दहावीला तिसऱ्यांदा बसलाय."

"अहो, काय हा विनय!" आत्या म्हणतात. "आमची मुलगी तुमच्या पदरात घातली, सांभाळून घ्या."

"माज्या पदरात?" गंगुबाई पदर आवरून घेते. "मी पान्यावर हाय, बाई."

पण तोपर्यंत आत्या समाधानाने पुढे गेलेल्या असतात.

तानाजी खुर्चीवरून घसरला. धाकूने तो तुकडा तीनदा लावून बघितला. हसून झाल्यावर मात्र प्रश्न पडला. दाखवायचं की कापायचं? कॅसेट त्याची नव्हती. त्याने उत्तरा आणि गुरुदत्तला बोलावून घेतलं.

उत्तरा बघता बघता खाली बसली आणि हसून हसून तिला उचकी लागली. "हे ठेवायचंच!"

गुरुदत्त पडद्याकडे बघत होता. त्याच्या आईचा चेहरा पडद्यावर थांबलेला होता, हात जोडलेले, हसू अर्धवट विरलेलं. "तिला वाईट वाटलेलं," तो म्हणाला. "मला घरी बोलली नाही."

उत्तराचं हसू थांबलं. "मग कापू या. खरंच. नको."

तो पुन्हा विचारात पडला. तानाजीने घड्याळाकडे बघितलं, उत्तराने त्याला डोळ्यांनीच थांबायला सांगितलं.

"क्रम बदला," गुरुदत्त म्हणाला. "आधी गंगुबाई. मग आत्या. मग आई. म्हणजे का घडलं ते आधी दिसेल. हसून झालेलं असेल, मग कुणाला लागणार नाही." एवढं लांब बोलल्यावर त्याने पाणी मागितलं.

धाकूने तसंच केलं. तरी त्याला धाकधूक होतीच. जून अखेरीस कल्याणला पोतनिसांच्या घरी रविवारी दुपारी दोन्हीकडची माणसं कॅसेट बघायला जमली, तेव्हा तो मुद्दाम दाराशी बसला, चपला हाताशी ठेवून. भागीरथी त्याच्या शेजारी. सुमतीआत्या एका टोकाला खुर्चीत, चष्मा लावून. गुरुदत्तच्या आई दुसऱ्या टोकाला, तळणीचे हात पुसत. दोघी एकमेकींशी अदबीने वागत होत्या, म्हणजे अजिबात बोलत नव्हत्या.

कॅसेट सुरू झाली. सुरुवातीला लोक थोडे बावरले. "आवाज बिघडलाय का हो? गाणं नाही?" असं एकाने विचारलं. मग अंतरपाट आला, ते दोन बारीक आवाज आले, आणि सुधीरकाका एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "अरे लबाडा! म्हणजे याच्यासाठी माझी सनई बंद केलीत!" खोली हसली. उत्तराचे बाबा मुलीला निरोप देताना काय म्हणाले, तेही लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. ते फक्त एवढंच म्हणाले होते, "रविवारी आवडाबाईने जिताडा आणला की फोन करतो." एरवी कोरडे दिसणारे दिघे टीव्हीकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघायला लागले.

आणि गंगुबाई आली.

पहिल्यांदा पोरं हसली, मग सगळेच. "मी पान्यावर हाय, बाई" म्हटल्यावर तर कुणाला आवरेना. सुमतीआत्या खुर्चीत ताठ झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात पडद्यावर त्यांचाच आवाज आला, "वरमाई फार शिष्ट हो..." धाकूने चपलेत एक पाय घातला. लगेच दुसरा आवाज आला, "मुख्याध्यापिका असेल आपल्या शाळेत!"

धाकूने दुसराही पाय घातला.

सुमतीआत्या उठल्या. खोली ओलांडून गुरुदत्तच्या आईंसमोर आल्या आणि अगदी जवळ, नाकाला नाक लागेल इतकं वाकून त्यांनी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला.

"तुम्हीच ना?" त्या म्हणाल्या. "आता खात्री करून घेतलेली बरी."

गुरुदत्तच्या आईंना हसू फुटलं ते थांबेचना. त्यांनी आत्यांचा हात धरला. "तुमचा नमस्कार त्या गंगुबाईकडे राहिलाय," त्या म्हणाल्या, "तिच्याकडून परत मागून आणू या."

"आणि मुलाला दहावीत पासही करून घेऊ," आत्या म्हणाल्या. "गणितच राहिलं असणार त्याचं."

त्यांनी ते खरंच केलं. जेवणवाल्याकडून पत्ता काढून दोघी तिच्या घरी, दिवा गावात गेल्या, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत गंगुबाईचा भगवान रविवारी सुमतीआत्यांकडे ठाण्याला गणितं सोडवायला जात होता. तो पास झाला तेव्हा पेढे दिघे, पोतनीस आणि आत्या, तिन्ही घरी आले. दोघी बायका पुढे इतक्या एकत्र असायच्या की उत्तरा तक्रार करायची, सासूशी बोलायला तिला नंबर लावावा लागतो.

धाकूचं सांगायचं तर त्याने हार्ट काही सोडलं नाही. लोक मागत होते, तो देत होता. आणि खरं म्हणजे ते त्यालाही आवडायचं. पण आता तो विचारायला लागला, "हंसवाली करू की बोलकी?" हळूहळू बोलकीवाले वाढले. गावातल्या लग्नात तर त्याने गाणी घालणं बंदच केलं. आवडाबाईचे धवले आता सबंध यायचे. आवडाबाई ते ऐकायला बसायची, मधेच आपल्याच चुका काढायची, टीव्हीपेक्षा मोठ्याने बरोबर चाल म्हणून दाखवायची, आणि मग घरात कुणाला काहीच ऐकू यायचं नाही.

सगळ्यात मोठा बदल दुसराच झाला. गंगुबाईचा तुकडा कुणी घेतला ही गोष्ट डोंबिवलीभर झाली. हळदीला, बांगड्या भरायला, डोहाळजेवणाला बायका धाकूच्या दारात येऊन विचारायला लागल्या, "भागीरथीताई आहेत का?" धाकू म्हणायचा, "मी आहे ना." तर त्या म्हणायच्या, "तुम्ही नको. तुम्ही आलात की आम्हाला नीट बसावं लागतं."

पुढच्या हंगामात कल्याणच्या एका हळदीला कॅमेरा भागीरथीच्या खांद्यावर होता आणि दिवा धाकूच्या हातात. बायका मोकळ्या हसत होत्या, भागीरथी त्यांच्यात घुसून कुणाला काय विचारायचं ते विचारत होती. पंगत बसली. धाकूने सवयीने दिवा पंगतीकडे वळवला.

"ओ दिवावाले," भागीरथी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली, "जरा रीतभात शिका."